खाडीत गेला की बाद

आमच्या घरात रडण्याचं काम नवऱ्याकडे आहे. लग्नात मुलगी वाटेला लावताना, मालिकेत कुणी दवाखान्यात पडलं की, एवढंच काय, शेजाऱ्यांचा कुत्रा हरवला तेव्हाही त्यानेच डोळे पुसले. मी अशा वेळी जेवणाच्या पंगतीत पाणी फिरलं का ते बघत असते. सुरतेच्या बमरोलीत आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत मी साड्यांना लेस आणि स्टोन लावण्याचं काम घेते, गल्लीतल्या बायका हाताखाली असतात. वेळेवर माल द्यायचा, वाकडी लेस उसवायची, रडारड चालणार नाही, असा माझा खाक्या. बायका मला ताई म्हणतात आणि पाठीमागे मुकादम म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

पण एका गोष्टीत माझं डोकं चालत नाही. ती म्हणजे आमचा सॉफ्टबॉलचा संघ.

सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. मैदान जरा लहान, चेंडू जरा मोठा, आणि तो खांद्याखालून फेकायचा. बाकी सगळं तेच: बॅटने मारा, चारही बेस पळून घरी या, एक रन. सुरतेत हे सांगितलं की लोक विचारतात, क्रिकेट का नाही खेळत. आमच्याकडे खानदेशात मात्र शाळाशाळांतून मुली हा खेळ खेळतात. मीही खेळले. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या सामानात एक ग्लोव्ह होता, सासूबाईंना वाटलं गरम भांडं उचलायचा असेल. त्यांनी बरेच दिवस तो त्यासाठी वापरला.

पुढे कधीतरी मराठी शाळेत खानदेशातलेच एक खेळाचे सर आले आणि त्यांनी बमरोली, भेस्तानच्या मुली जमवून संघ काढला. बाप मिलमध्ये, लूमवर, कुणाचा रेल्वेत. संघ निघाला तेव्हापासून मी त्याची चाहती आहे, आणि निघाला तेव्हापासून तो हरतो आहे. एखादा सामना जिंकतोही, पण तो जिंकल्यावर आम्हीच आधी पंचाकडे बघतो, काही चुकलं तर नाही ना म्हणून.

मोबाइलवर अमेरिकेतलं बेसबॉल दिसतं हे मला मुलीने दाखवलं. आपल्या सकाळी त्यांचे रात्रीचे सामने असतात. मी पीठ मळता मळता बघते. एवढा मोठा देश, एवढे श्रीमंत संघ, आणि मी निवडला तो एका लहान शहराचा, नेहमी तळाला असणारा. मुद्दाम नाही, सवयीने. त्यांचीही चांगली पोरं मोठ्या शहरांतले संघ उचलून नेतात. उरलेले पुन्हा नवी पोरं घडवतात, ती तयार झाली की पुन्हा कुणीतरी येतं. समालोचकाचं इंग्रजी मला निम्मं कळतं, पण हरलेल्यांचे चेहरे पूर्ण कळतात. त्यांच्या स्टेडियमात इतक्या खुर्च्या रिकाम्या असतात की एकट्या माणसाचं ओरडणं मोबाइलवर ऐकू येतं. तो माणूस रोज ओरडतो. एकदा नवरा म्हणाला, "हा तुझा भाऊ दिसतो."

आमच्या मैदानात खुर्च्यांचा प्रश्नच नाही. उजवीकडे रंगाई मिलची भिंत, भिंतीमागे चिमणी. वारा फिरला की काजळी पडते आणि मुलींचे चेहरे सामन्याआधीच हरल्यासारखे दिसतात. बेस म्हणजे चिंध्या भरलेली पोती. सुरतेत चिंधी कधीच कमी पडत नाही, पण पोतं पळणाऱ्या मुलीच्या पायाबरोबर पुढे सरकतं, मग पंच आणि सर ते मागे ओढतात. मागची जाळी डुमसच्या कोळ्यांनी टाकून दिलेली आहे. पाऊस पडला की तिला अजून मासळीचा वास येतो. गणवेश आकाशी आहेत, म्हणजे असायला हवे होते. मिलने नापास केलेलं कापड मिळालं, ते वेगवेगळ्या वेळी रंगवलेलं, त्यामुळे संघात जितक्या मुली तितके आकाशी.

रविवारी सकाळी सामना असला की आठाच्या सुमाराला तो थांबतो. मिलची रात्रपाळी सुटते आणि माणसं पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून घरी जातात. ती त्यांची पायवाट आहे, मैदान नंतर आलं. बाहेरचे संघ चिडतात. आम्हाला ते बरं वाटतं, कारण त्यातले बरेच जण डबा हातात घेऊन तिथेच उभे राहतात आणि आमची गर्दी होते.

डावीकडे मैदान संपतं तिथे वेडी बाभूळ आहे आणि बाभळीमागे खाडी. खाडीचं पाणी त्या दिवशी मिलमध्ये जो रंग चालू असेल त्या रंगाचं. पूर्वी चेंडू खाडीत गेला की मुली उतरायच्या, अर्धा तास शोधायच्या, आणि पोपटी पायांनी वर यायच्या. शेवटी मीच सरांकडे गेले आणि म्हटलं, "नियम करा. चेंडू खाडीत मारला की मारणारी बाद. मग बघू कोण मारतं."

सर म्हणाले, "ताई, दुसऱ्या कुठल्याही मैदानावर तो होमरन असतो, क्रिकेटमधल्या षटकारासारखा."

"दुसऱ्या मैदानावर खाडी नसते," मी म्हटलं. नियम झाला. सामन्याआधी सर तो पंचाला आणि समोरच्या संघाला सांगतात, ते खाडीकडे बघतात आणि मान्य करतात. मला या नियमाचा फार अभिमान होता. गल्लीत कुणी विचारलं नाही तरी मी सांगत असे.

आमचं खरं बळ मात्र जाळीमागे असायचं. तिथे आम्ही सात-आठ बायका कोरं कापड अंथरून बसतो. बॅटवालीच्या मागे चेंडू झेलणारी कॅचर असते, तिच्या पाठीशी बसलं की ती ग्लोव्ह कुठे धरते ते दिसतं, म्हणजे चेंडू कुठे येणार ते कळतं. बॅट धरलेल्या मुलीला मागचं दिसत नाही. तिला आम्ही सांगायचो, अहिराणीत. "बाहेर येई राहिना व माय!" "डावाकडे कोनीच नही शे!" म्हणजे चेंडू बाहेर येतोय, डावीकडे कुणीच नाही. घरात आम्ही हेच बोलतो, आणि तापीपलीकडच्या गुजराती संघांना त्यातलं काही कळत नाही. एकदा पंचाने सरांना विचारलं, या बेनना ऊन लागतंय का, सावलीत बसवा. सरांनी खाली मान घालून बुटाची नाडी बांधली. एवढी मदत करूनही आम्ही हरायचो, त्यावरून मदतीचा दर्जा लक्षात यावा.

मुली सोडून जात राहिल्या. आमची कॅचर लग्न होऊन शिरपूरला गेली. दुसऱ्या बेसवरची चपळ पोरगी तापीपलीकडच्या मोठ्या क्लबने नेली. तिथे खरं गवत आहे, दिवे आहेत, मुलींना न्यायला बस येते. ती गेली तेव्हा मी लेस लावता लावता सगळ्या बायकांसमोर म्हटलं होतं, "हिरवळ दिसली की निघाल्या चरायला." बायका हसल्या. माझ्या शेजारणीने, जी माझ्याकडे स्टोन लावते आणि जिची मुलगी आमची सगळ्यात जोरात मारणारी आहे, ते वाक्य नीट जपून ठेवलं.

मग त्या क्लबच्या मॅडम माझ्या मुलीसाठी आल्या.

माझी मुलगी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. संघात एकटी तीच अशी की जिच्याकडे बघून आम्ही हरत असताना बरं वाटायचं. मॅडम आमच्या पुढच्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या, चहा घेतला आणि सरळ बोलल्या. "छोकरी सारी छे, बेन." म्हणजे मुलगी चांगली आहे. या मोसमापुरतं घेऊन बघतो. चांगली खेळली तर ठेवून घेऊ, आणि ठेवलेल्या मुलींना आमच्या ओळखीचं कॉलेज प्रवेश देतं, फी लागत नाही.

मुलीची बारावी झाली होती. पुढचं शिकायचं तिच्या मनात होतं आणि आमच्या आवाक्यात नव्हतं, ते दोघींनाही ठाऊक असल्यामुळे बोलणं निघत नसे. ठेवून घेतलं तर कॉलेज. नाही ठेवलं तर माझ्या टेबलाशी बसून स्टोन. एवढं साधं होतं. मी अशा वेळी विचार करत बसत नाही. "न्या" म्हणाले. मॅडम गेल्यावर मात्र भाकरी थापताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आता आमच्याकडे फेकणार कोण? आई म्हणून मला हा विचार शोभत नव्हता. मी भाकरी जरा जोरात थापली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण स्टोन लावता लावता म्हणाली, "ताई, हिरवळ कशी आहे तिकडची? चांगली आहे ना चरायला?"

"लेस वाकडी चालली आहे तुझी," मी म्हटलं.

"मी लेस लावतच नाहीये. स्टोन लावते आहे."

मोसम संपत आला तेव्हा आमचा शेवटचा सामना त्याच क्लबशी पडला, आणि तोही आमच्या मैदानावर. आमचं त्यात काही जायचं-यायचं नव्हतं, आम्ही तळाला होतो आणि तळाला आणखी खाली जागा नसते. मुलीचं होतं. मॅडमनी तिला सांगितलं होतं, या सामन्यात पूर्ण वेळ तूच फेकशील, त्यानंतर ठरवू. आदल्या संध्याकाळी तिने जेवताना मला सांगितलं, "मम्मी, उद्या तू जाळीमागे नको बसू."

"का?"

"तू ओरडशील."

"मी काय वेडी आहे? माझ्या मुलीविरुद्ध ओरडेन?"

तिने बापाकडे बघितलं. बाप वरणात बघत होता.

"बस ने आता," ती म्हणाली, "मग बस तिथेच. मला काय."

सकाळी त्यांची बस आली. सगळ्या मुलींचा एकच पांढरा रंग. माझी मुलगी त्या पांढऱ्यांतून खाली उतरली आणि आपल्याच मैदानाकडे पाहुण्यासारखी बघू लागली. एक पांढरी मुलगी पहिल्या पोत्यावर पाय देऊन हसली, तेव्हा माझी मुलगी हसली नाही, एवढं मी टिपलं. सरांनी खाडीचा नियम सांगितला. मॅडम बाभळीपर्यंत जाऊन आल्या आणि नाकाला रुमाल लावून मान्य म्हणाल्या.

आम्ही नेहमीच्या जागी बसलो. मी ठरवून डबा मांडीवर घेतला होता, तोंडात काहीतरी असलं की बोलणं होत नाही. पहिल्याच डावात त्यांच्या कॅचरने ग्लोव्ह बाहेरच्या बाजूला नेला आणि शेजारणीने सवयीने आरोळी ठोकली, "बाहेर येई राहिना व माय!" आमची बॅटवाली बाहेरच्या चेंडूसाठी पुढे झुकली. माझ्या मुलीने चेंडू तिच्या पोटाजवळून आत टाकला. बॅट हवेत. पंचाने बोट वर केलं: एक हुकला. तीन हुकले की बाद.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग शेजारीण म्हणाली, "अगं, हिला कळतं."

"कळणारच. माझ्याच घरात वाढली."

"मग गुजरातीत सांगू?"

"गुजराती तिला आपल्यापेक्षा चांगली येते. हिंदी पण येते."

आमच्याकडे चौथी भाषा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा जाळीमागे शांतता पसरली. पंच दोनदा मागे वळून बघून गेला, बहुतेक काळजीने.

गंमत म्हणजे आम्ही गप्प बसल्यावर आमच्या मुली बऱ्या खेळू लागल्या. आठाला रात्रपाळी मैदानातून गेली, जाता जाता थांबली. काजळी पडली आणि पांढऱ्या गणवेशांचा रंग आमच्या आकाशीच्या जवळ आला. त्यांच्या मुलींना आमच्या पोत्यांची सवय नव्हती. एकीचा पाय पोत्यासकट घसरला आणि ती बाद झाली. शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही फक्त एका रनने मागे होतो. आमचे दोन गडी बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या पोत्यावर आमच्या दोघी उभ्या, आणि बॅट घेऊन आली शेजारणीची मुलगी. एक फटका नीट बसला तर दोघी घरी येणार आणि आम्ही जिंकणार.

मॅडम बाकावरून उठून उभ्या राहिल्या. माझ्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, तिच्या हाताकडे नाही. काय चाललं आहे ते मला कळलं. ही एक मुलगी बाद झाली की माझ्या मुलीचं कॉलेज. ही मुलगी मारून गेली तर सोमवारी माझ्या टेबलाशी एक हात वाढणार.

माझ्या मुलीचं एक गुपित आहे. हळू चेंडू टाकायचा असला की ती आधी बोटांच्या टोकांवर हलकी फुंकर मारते. लहानपणापासून. तिच्या पाठीमागे उभ्या असणाऱ्यांना ते दिसत नाही आणि समोर बसणाऱ्यांत बघणारी मीच. जोरात येणाऱ्या चेंडूची वाट बघणाऱ्या मुलीला हळू चेंडू आला तर ती आधीच बॅट फिरवून मोकळी होते. पण हळू येतोय हे आधी कळलं, तर त्याच्यासारखा मारायला सोपा चेंडू नाही.

तिने फुंकर मारली.

मी इथे थोडं थांबून माझी बाजू मांडू शकले असते, पण बाजू नाहीच. डबा मांडीवरून उतरला, मी जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्या तोंडून निघालं, "धीमा येई राहिना!" अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. रात्रपाळीलाही.

शेजारणीच्या मुलीने ऐकलं. तिने वाट बघितली, पण मारायच्या हौसेने पुरेशी नाही बघितली. चेंडू आतल्या बाजूला, गुडघ्यावर आला आणि तिने तो खांद्यातून ओढून डावीकडे मारला. इतका जोराचा फटका त्या मैदानावर कुणी मारलेला मी पाहिला नाही. चेंडू वर गेला, तिसऱ्या बेसवरून गेला, बाभळीवरून गेला. आम्ही सगळ्या उभ्या. जगातल्या कुठल्याही मैदानावर तो होमरन होता. माझ्या मोबाइलमधल्या त्या ओरडणाऱ्या माणसाने खुर्ची मोडली असती.

खाडीतून बुडुक असा लहानसा आवाज आला.

पंचाने सरांकडे बघितलं. सरांनी बाभळीकडे बघितलं. मग पंचाने मूठ वर केली. बाद. सामना संपला, एका रनने आम्ही हरलो. पोत्यांवरच्या दोघी निम्म्या वाटेत उभ्या होत्या, एकीने अजून पळणं थांबवलं नव्हतं.

शेजारीण माझ्याकडे न बघता खाली बसली आणि कापडाची घडी करू लागली. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाली, "नियम कोणाचा होता, ताई?"

मी डबा शोधत होते.

मॅडम माझ्या मुलीला काहीतरी बोलल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर जाळीजवळ येऊन मला म्हणाल्या, "सोमवारथी मोकलजो." सोमवारपासून पाठवा, म्हणजे ठेवून घेतलं. मग कुतूहलाने विचारलं, शेवटी तुम्ही काय ओरडलात? मी सांगितलं, मुलीला आशीर्वाद दिला. शेजारणीला खोकला आला.

रात्रपाळी पांगली, बस मुलीला न घेताच गेली, घर तिथून चालत जाण्याएवढं होतं. वाटेत ती पुढे, मी मागे. माझ्या डोक्यात हिशेब चालू होता की माफी मागायची तर कुठल्या वाक्यापासून, आणि ती सवय नसल्यामुळे वाक्य जमत नव्हतं. घरी नवऱ्याला बातमी सांगितली. त्याने कॉलेज ऐकलं आणि डोळे पुसले. तो त्याच्या कामाला लागला म्हटल्यावर मी तवा ठेवला.

मुलगी पाटावर येऊन बसली.

"ओरडलीस ना तू," ती म्हणाली.

"सवयीने निघालं तोंडातून."

"ठाऊक होतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"की तू ओरडणार."

मी भाकरी उलटली. "मग हळू टाकायचाच कशाला होता? माझा आवाज ऐकून बदलता आला असता."

"बदलायचा कशाला? तिला हळू येतोय हे कळायलाच पाहिजे होतं. नाहीतर ती आधीच बॅट फिरवून हुकली असती, आणि एका हुकण्याने कुणी बाद होत नाही. आणि आतला हळू चेंडू ती कायम डावीकडे ओढते. चार वर्षं बघते आहे मी तिला." तिने ठेचा ताटात घेतला. "डावीकडे काय आहे, मम्मी?"

मी भाकरी चुलीच्या कडेला शेकायला ठेवली.

"आणि मी गप्प बसले असते तर?"

"तू?" ती म्हणाली.

नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते, आणि या वेळी तो रडत नव्हता.

"मग ती फुंकर," मी विचारलं, "ती तर तुझी सवय आहे लहानपणापासूनची."

"ती कधीच मोडली. क्लबमध्ये मॅडमनी पहिल्या आठवड्यात मोडली. आज मारली ती तुला दिसावी म्हणून."

पुढच्या रविवारी सरांनी बायकांना विचारलं, खाडीचा नियम ठेवायचा की काढायचा. शेजारीण माझ्याकडे बघत होती, हातात स्टोनची पुडी होती आणि त्यातला एकही स्टोन माझ्या साडीवर नीट बसणार नाही असा तिचा चेहरा होता. मी म्हटलं, ठेवा. खाडी कुठे गेली आहे? मग सगळ्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मालही उशिरा गेला.

पण त्या दिवशी, फुंकरीचं ऐकल्यावर, मी तिच्या ताटात भाकरी वाढली. दुसरी वाढताना मनात एवढंच आलं, की अशी एक पोरगी आमच्या संघात हवी होती.